दोन मिलिमीटर श्वास

गळतीचं तेल खाजणात शिरलं की पुढे काय होतं, ते चिखलातच वाचता येतं. ओहोटी लागली की खाजणाच्या चिखलात मनगटाएवढी जाड पारदर्शक नळी सावकाश दाबायची, वरच्या तोंडाला रबरी बूच बसवायचं आणि हलक्या हाताने पिळत उपसायची. नळी उजेडात धरली की चिखल आपली कुंडली दाखवतो. सगळ्यात वर एक-दोन मिलिमीटरची तपकिरी साय. तिच्याखाली दोन-तीन सेंटिमीटरचा राखाडी पट्टा. आणि त्याखाली काळंभोर, लोण्यासारखं मऊ, सडक्या अंड्याच्या वासाचं प्रकरण, जे नळीच्या तळापर्यंत तसंच जातं. मध्येच एखादं मूळ आडवं गेलेलं असतं आणि त्याच्याभोवती गंजाच्या रंगाचं बारीक वेष्टन दिसतं. खेकड्याचं बीळ नळीत सापडलं असेल तर त्याच्या भिंतीलाही तोच गंज.

हे रंग म्हणजे हवेचा नकाशा. चिखलात लोह सगळीकडे असतं. जिथे ऑक्सिजन पोहोचतो तिथे ते गंजून तपकिरी होतं, जिथे पोहोचत नाही तिथे गंधकाशी जुळून काळं पडतं. म्हणजे हातभर खोल चिखलात मोकळा श्वास मिळतो तो वरच्या दोन मिलिमीटरमध्ये, मुळांच्या कडेला आणि बिळांच्या भिंतींवर. बाकी सगळा मुलूख बिनहवेचा.

बिनहवेचा, पण निर्जीव नव्हे. चमचाभर चिखलात अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांच्या पंगती ठरलेल्या असतात. ज्याला श्वासातून सर्वाधिक ऊर्जा मिळते तो पहिल्या पंगतीला, म्हणजे ऑक्सिजनवाला. त्याने ऑक्सिजन संपवला की खाली नायट्रेटवर श्वास घेणारे, मग मँगनीज आणि लोहावर जगणारे, आणि शेवटी सल्फेटवाले. शेवटची पंगत म्हणून त्यांना कमी लेखायचं कारण नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन असतो जेमतेम सात मिलिग्रॅम आणि सल्फेट असतं सुमारे २.७ ग्रॅम. किनाऱ्यालगतच्या गाळात जे काही कुजतं त्यातलं साधारण निम्मं या सल्फेटवाल्यांच्या हातून जातं. चिखलाला येणारा वास त्यांचाच. सल्फेट घेऊन ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात.

तेल गळतीबद्दल बोलताना तवंग, काळे पडलेले पक्षी, डांबरगोळे यांचीच चित्रं समोर येतात. खाजणातला खरा हिशेब मात्र या नळीत आहे.

एक गैरसमज आधी बाजूला केलेला बरा. तेल खाणारे जिवाणू बाहेरून आणून टाकावे लागतात, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि बाजारात त्यांची पाकिटंही मिळतात. प्रत्यक्षात ते सगळ्या समुद्रांत आधीपासून आहेत. पानांवरचं मेण, शेवाळातली स्निग्ध द्रव्यं, निळ्या-हिरव्या जिवाणूंनी बनवलेली पंधरा-सतरा कार्बनांची साखळी, हे सगळं रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेलाचंच भावंड. त्यावर थोडेथोडके जिवाणू कायम गुजराण करत असतात. नॉर्थ सीमधल्या बोर्कुम बेटावरून नाव पडलेला आल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा त्यांतला प्रसिद्ध. साखर दिली तरी तो जवळजवळ तोंड लावत नाही, त्याला सरळ साखळीची हायड्रोकार्बनंच, म्हणजे तेलातली कार्बन-हायड्रोजनची संयुगंच हवीत. एरवी तो शंभरात एकही सापडत नाही. तेल आलं की दिवसांच्या हिशेबात सगळ्या वस्तीवर त्याचंच राज्य होतं. सायक्लोक्लास्टिकस हा कड्यांचा, म्हणजे बेंझीन, नॅफ्थलीन, फेनँथ्रीन यांचा शौकीन. मारिनोबॅक्टर दोन्हीकडे हात मारतो. यांतले बरेच स्वतःचा साबणही बनवतात आणि तेलाच्या थेंबाला चिकटून, तिथेच वस्ती करून खातात. हा चिकटण्याचा मुद्दा पुढे लागणार आहे.

तेव्हा खाणाऱ्यांची वानवा नाही. पाकिटातले पाहुणे प्रयोगशाळेच्या बाटलीत गुण दाखवतात, पण खाजणात स्थानिकांपुढे त्यांचा निभाव क्वचितच लागतो. अडचण वेगळीच आहे, आणि ती साध्या अंकगणिताने कळते.

तेलाचा एक ग्रॅम पूर्ण जाळायला, मग तो चुलीत जळो की जिवाणूच्या पोटात, सुमारे ३.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सात मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमसाठी जवळपास पाचशे लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपतो. आता खाजणाच्या एक चौरस मीटर चिखलावर एक मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर बसला असं धरू. हा थर एक लिटरचा, वजनाने साधारण ८७० ग्रॅम. त्याला तीन किलो ऑक्सिजन हवा, म्हणजे सव्वाचार लाख लिटर पाण्यातला. हवेत ही तंगी नाही. एक लिटर हवेत तेवढ्याच समुद्राच्या पाण्याच्या चाळीसपट ऑक्सिजन असतो, आणि हवेतून तो पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. म्हणून गवताच्या दांड्यावर वारा-उन्हात राहिलेलं तेल काही महिन्यांत रया जाऊन कोरडी खपली होतं, आणि तेच तेल पाच बोटं खाली गेलं की वर्षानुवर्षं ताजं राहतं. खणून काढलं की पाण्यावर इंद्रधनुषी साय धरतं.

हाच हिशेब सल्फेटने मांडला तर चित्र पालटतं. एक ग्रॅम तेलाला पाच ग्रॅमच्या आसपास सल्फेट लागतं, ते मिळतं दोन लिटर पाण्यात. पाचशे लिटर कुठे आणि दोन लिटर कुठे! मग सल्फेटवाल्यांनीच सगळं खाऊन का टाकू नये?

ते खातात. ऑक्सिजनशिवाय हायड्रोकार्बन मोडत नाही, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. १९९१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सल्फेटवर श्वास घेत सोळा कार्बनांची साखळी संपवणारा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला आणि तो समज मोडला. अशा अनेक जिवाणूंची युक्ती पाहण्यासारखी असते. हायड्रोकार्बनला पकडायला ‘मूठ’ नसते. ऑक्सिजनवाले जिवाणू ऑक्सिजनचा अणू चिकटवून मूठ तयार करतात. हे फ्यूमरेट नावाचं चार कार्बनांचं छोटं आम्ल चिकटवतात. पण काम अतिशय मंद, आणि मोठ्या, तीन-चार कड्यांच्या रेणूंपाशी ते आणखी रखडतं. शिवाय एक ग्रॅम तेलामागे पावणेदोन ग्रॅमहून जास्त हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तर लोह त्याला काळ्या रूपात बांधून ठेवतं. लोह संपलं की तो मोकळा फिरतो आणि मुळं मारतो.

इथे खाजणाचा गळा आवळला जातो. खाऱ्या गवताच्या आणि खारफुटीच्या देहात हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानातून, खोडातून, श्वसनमुळांतून हवा खाली जाते आणि मुळाच्या टोकाशी थोडी गळते. मघाचं गंजाचं वेष्टन ते हेच. त्या वेष्टनात नायट्रेट बनवणारे जिवाणू राहतात, सल्फाइडचं विष उतरवणारे राहतात आणि तेल आलं तर तेल खाणारेही तिथेच सर्वात जोमाने वाढतात. तेलाने पानं माखली, श्वसनमुळांची छिद्रं बुजली की ही हवा थांबते. खाली सल्फाइड वाढतं, मुळं कुजतात, कुजणारी मुळं उरलासुरला ऑक्सिजन खातात. जिवाणू तेलाला टपून बसलेले असतात आणि त्यांच्या श्वासाची नळी तेलानेच कापलेली असते.

तेल आल्यावर वस्तीत काय बदल होतो तो ढोबळमानाने असा. पहिल्या काही आठवड्यांत विविधता घटते, काही मोजक्या तेलखाऊंची संख्या फुगते. सरळ साखळ्या आधी संपतात, मग फांद्या असलेल्या, मग एक-दोन कड्यांची संयुगं. खाणाऱ्यांची फळीही त्याच क्रमाने बदलते. सर्वात हळवे ठरतात अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू. ते मुळातच सावकाश वाढतात, हायड्रोकार्बनांनी त्यांचं विकर अडतं आणि एकदा गेले की परतायला वेळ लावतात. त्यामुळे वरवर ‘एकूण जिवाणू वाढले’ असा अहवाल येतो आणि त्याच वेळी नत्राचं चक्र एका पायावर उभं असतं. जिवाणूंची बेरीज खाजणाच्या प्रकृतीबद्दल फार थोडं सांगते, वस्तीत कोण कोणतं काम करतंय ते पाहावं लागतं.

१९९१ च्या आखाती युद्धात तेलाने माखलेल्या सौदी किनाऱ्यावरच्या खाजणांत आणखी एक गंमत दिसली. तेलावर निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या जाड, चामड्यासारख्या चादरी पसरल्या. तेलाने गोगलगायी आणि खेकडे मेले होते, चादर कुरतडायला कुणी उरलं नव्हतं. सुरुवातीला निसर्ग जखम भरतोय, असा आनंद झाला. चादरीत राहणारे इतर जिवाणू थोडं तेल खातही होते. पण चादरीने खालचा तेलाचा थर झाकणासारखा बंद केला. ऑक्सिजन आत जाईना, भरतीचं पाणी मुरेना. हिरवं दिसतंय म्हणून खूश होऊ नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता रसायनांकडे. तेल साफ करायच्या रसायनांत डिस्पर्संटचं नाव सर्वात मोठं. घटक दोनच प्रकारचे: एक बाजू पाण्याची आणि एक तेलाची असणारे साबणासारखे सर्फॅक्टंट, आणि ते तेलात मुरवायला द्रावक. कोरेक्झिट ९५०० या डिस्पर्संटमध्ये डॉस हे सर्फॅक्टंट, त्याच्या जोडीला स्पॅन आणि ट्वीन गटातली आणि पेट्रोलियमपासूनचं द्रावक असतं. वीस भाग तेलाला एक भाग रसायन हे नेहमीचं प्रमाण. लाटांनी घुसळलं की तवंग फुटतो, थेंब साधारण ७० मायक्रॉनपेक्षा बारीक झाले की वर न येता पाण्यात लोंबकळत राहतात आणि पसरत जातात. थेंब बारीक म्हणजे पृष्ठभाग जास्त, पृष्ठभाग जास्त म्हणजे जिवाणूंना बसायला जागा जास्त. तत्त्व चुकीचं नाही.

पण या तत्त्वात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: लाटा, खोली आणि अफाट पाणी. खाजणात तिन्ही नाहीत. म्हणून किनाऱ्यापासून दूर आणि पुरेशा खोल पाण्यातच डिस्पर्संट वापरायचं, असा नियम बहुतेक देशांत आहे, आणि खाजणावर ते थेट फवारणं कुठल्याही जाणकाराला मान्य होणार नाही. तरी प्रश्न उरतो, कारण समुद्रात फवारलेलं रसायन आणि फुटलेलं तेल भरतीबरोबर आत येऊ शकतं.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या तळावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. त्या काळात ७० लाख लिटरच्या आसपास डिस्पर्संट वापरलं गेलं, त्यातलं २९ लाख लिटर दीड किलोमीटर खोल विहिरीच्या तोंडाशीच सोडलं. इतक्या खोलवर हे पहिल्यांदाच घडत होतं. पाण्यात तेल खाणाऱ्यांची झुंबड उडाली हे सगळ्यांनी पाहिलं. त्या झुंबडीत डिस्पर्संटचा वाटा किती, यावर मात्र वाद पेटला.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आखाताच्या खोल पाण्यात एकदा नुसतं तेल आणि एकदा तेल अधिक डिस्पर्संट मिसळून पाहिलं होतं. नुसत्या तेलात मारिनोबॅक्टर वाढला. डिस्पर्संट असताना कॉलवेलिया वाढला, मारिनोबॅक्टर मागे पडला आणि तेल मोडण्याचा वेग वाढला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांनी अगदी पातळ प्रमाणात, दहा लाख भाग पाण्याला तेलाचे काही भाग घेऊन प्रयोग केले, तिथे डिस्पर्संटने थेंब बारीक ठेवले आणि तेल लवकर संपलं. दोन्हींत खोटं कुणीच नव्हतं. बाटलीत तेल किती, घुसळण किती, नत्र किती, रसायन मोजून घातलं की अंदाजाने, यावर निकाल फिरतो. माझं मत विचाराल तर हा वाद खुल्या समुद्रापुरता आहे. खाजणात पातळ होणं हा पर्यायच नसल्यामुळे ‘पातळ’ बाटल्यांचे निकाल तिथे लावण्यात अर्थ नाही.

चिखलात गेल्यावर हे रसायन जिवाणूंचं काय करतं? पहिली गोष्ट म्हणजे ते स्वतःच अन्न ठरतं. ट्वीनसारखं सर्फॅक्टंट तेलापेक्षा पचायला सोपं, म्हणून अनेक जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात. वस्ती फुगते, ऑक्सिजन संपतो, तेल जागेवर. दुसरी गोष्ट चिकटण्याची. थेंबावर बसून खाणाऱ्याला आणखी साबण मिळाला की त्याची पकड सुटते. काही जातींना ते मानवतं, काहींची वस्तीच वाहून जाते. तिसरी, सर्फॅक्टंट पेशीच्या पापुद्र्यातही शिरतं आणि जास्त प्रमाणात तो सैल करतं. चौथी, कडीवाली संयुगं पाण्यात जास्त उतरतात. एका अर्थाने ती खाणाऱ्याला उपलब्ध होतात, दुसऱ्या अर्थाने जे खात नाहीत त्यांनाही विषासारखी भिडतात.

आणि पाचवी, जी मला सर्वात घातक वाटते: बारीक थेंब चिखलाच्या छिद्रांत शिरतात. जाड, चिकट तेल चिखलाच्या तोंडाशीच अडून राहिलं असतं, हवेच्या दोन मिलिमीटरमध्ये. पातळ केलेलं तेल खेकड्याच्या बिळातून, कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून खाली उतरतं आणि काळ्या थरात जाऊन बसतं. वरचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. छायाचित्रात सफाई उत्तम येते. डॉस स्वतःही लगेच जात नाही. होरायझननंतर किनाऱ्यावरच्या वाळू-तेलाच्या वड्यांत तो तीन वर्षांहून जास्त काळाने सापडला आहे.

साबणाचा हा धडा जुनाच आहे. मार्च १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलजवळ टॉरी कॅन्यन हे जहाज खडकावर आदळलं, सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल सुटलं आणि त्यावर सुमारे दहा हजार टन औद्योगिक डिटर्जंट ओतलं गेलं. त्या काळच्या डिटर्जंटमधलं द्रावक तेलापेक्षा विषारी होतं. जिथे डिटर्जंट पडलं नाही ते खडक दोन-तीन वर्षांत सावरले, जिथे पडलं तिथे दहा-पंधरा वर्षं गेली. आजची रसायनं त्यामानाने बरीच सौम्य आहेत, पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. १९८४ मध्ये पनामात खारफुटी, सागरी गवत आणि प्रवाळ असलेल्या उथळ किनाऱ्यावर मुद्दाम एका तुकड्यात नुसतं तेल आणि दुसऱ्यात आधी डिस्पर्संटने फोडलेलं तेल सोडून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. फोडलेल्या तेलाने प्रवाळ आणि तिथले प्राणी सुरुवातीला वाईट मारले. पण खारफुटीची झाडं मात्र नुसत्या तेलाच्या तुकड्यातच जास्त मेली, कारण जाड तेल श्वसनमुळांना लडबडलं. तेव्हा दूर समुद्रात तेल फोडून खाजणापर्यंत येऊच न देणं हा काही वेळा खरोखर शहाणपणाचा सौदा असतो. एकाचं वाचवताना दुसऱ्याचं जातं, आणि तो सौदा तेल बाहेर असतानाच करायचा असतो. ते गवतात शिरल्यावर डिस्पर्संटचं दार बंद.

मग गवतात शिरल्यावर करायचं काय? बऱ्याचदा फार कमी, आणि हेच लोकांच्या पचनी पडत नाही. मार्च १९७८ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर आमोको कादिझ या जहाजातून सव्वादोन लाख टनांच्या आसपास तेल गेलं. इल ग्रांद इथल्या खाजणात अवजड यंत्रं घातली, काही ठिकाणी अर्ध्या मीटरपर्यंत चिखल खरवडून नेला. आसपासची हात न लावलेली खाजणं पाचेक वर्षांत हिरवी झाली. खरवडलेल्याला सात-आठ वर्षं लागली, कारण चिखलाची उंचीच बदलली होती. काही इंच खाली गेलं की तीच जमीन भरतीत जास्त वेळ बुडते आणि गवताचं बी धरत नाही. तेलाबरोबर मुळं गेली आणि मुळांबरोबर हवेच्या नळ्या.

बूट हाही इथे एक यंत्रच समजावा. माखलेल्या मऊ चिखलात एक पाय रुतला की वरचं तेल वीतभर खाली, थेट काळ्या थरात. शंभर माणसं दिवसभर चालली तर नांगरट झाली म्हणायची. म्हणून फळ्या टाकून चालायचं, शक्य तिथे होडीतूनच काम करायचं. साचलेलं तेल भरतीच्या पाण्यावर उचलून घ्यायचं, कमी दाबाने आणि समुद्राच्याच तापमानाच्या पाण्याने काठाकडे ढकलायचं. गरम पाण्याचा फवारा तेल हलवतो, पण वाटेत जिवाणूंची ती पातळ साय आणि बारीक गाळही धुऊन नेतो. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ या जहाजाच्या गळतीनंतर अलास्कातल्या खडकाळ किनाऱ्यांवर हे झालं होतं, चिखलाची तर बातच नको. काही न करण्यालाही मर्यादा आहेत. होरायझननंतर लुइझियानाच्या बाराटारिया खाडीत जिथे आडव्या पडलेल्या गवताखाली घट्ट तेलाचा जाड थर अडकला होता, तिथे मुळं मेली आणि काठ दुपटीहून अधिक वेगाने ढासळले. तिथे गवताची माखलेली गादी उचलून, हवा लागू देऊन, लगेच नवं गवत लावणं योग्य होतं. तेलाखाली श्वास पूर्ण बंद झालाय की नाही, हे नळी घालून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

खताचाही मोह होतो. जिवाणूंना तेलातून कार्बन भरपूर मिळतो, नत्र-स्फुरद मिळत नाही. शंभर भाग कार्बनला दहा नत्र आणि एक स्फुरद हे पुस्तकी प्रमाण. एक किलो तेलात साधारण ८५० ग्रॅम कार्बन, म्हणजे ८५ ग्रॅम नत्र, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम युरिया. पण हे एकदम टाकलं की पहिली भरती बरंचसं घेऊन जाते. चिखलाच्या छिद्रातल्या पाण्यात लिटरला दोन ते दहा मिलिग्रॅम नत्र टिकवून धरणं हा खरा उद्देश. त्यासाठी सावकाश विरघळणारे दाणे, ओहोटी असताना, पुनःपुन्हा. आणि अमोनियाच्या रूपात दिलं तर आणखी एक खड्डा आहे: एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट होताना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन खर्च होतो. ज्याची टंचाई तेच आपण खर्च केलं. नायट्रेट दिलं तर निदान बिनहवेच्या थरात ते श्वासाच्या कामी येतं. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठच्या गोड्या पाण्याच्या पाणथळीत १९९९ मध्ये केलेल्या प्रयोगात खताने गवत माजलं, तेल कमी होण्याचा वेग मात्र फारसा वाढला नाही. तेल चिखलात होतं, अडलं होतं ऑक्सिजनवर. शिवाय नत्र जास्त झालं की गवत पानं वाढवतं आणि मुळं कमी धरतं, म्हणजे काठ आणखी कच्चा.

यातलं कोणतंही औषध लागू पडलं की नाही हे मोजतानाही फसगत ठरलेली. चिखलातलं तेल किलोला दहा ग्रॅमवरून चार ग्रॅमवर आलं, तर ते खाल्लं गेलं की धुतलं गेलं? यासाठी होपेन नावाच्या रेणूचा आधार घेतात. हा कच्च्या तेलातच असतो आणि जिवाणू त्याला जवळजवळ शिवत नाहीत. तेल धुऊन गेलं असेल तर होपेनही त्याच प्रमाणात घटतो. खाल्लं गेलं असेल तर होपेनच्या तुलनेत बाकीचं घटतं. डिस्पर्संट किंवा फवाऱ्यानंतरचे कित्येक ‘यशस्वी’ आकडे या एका भागाकारात कोसळतात. सतरा कार्बनांची सरळ साखळी आणि प्रिस्टेन ही जोडीही तशीच: दोघं जवळजवळ सारख्याच तापमानाला उडतात, पण सरळ साखळी जिवाणू आधी खातात. गुणोत्तर घसरलं की जेवण सुरू झालं असं समजायचं.

नमुन्यात चुका होतात त्या साध्याच. नळीत चिखलावर मोकळी हवा राहिली आणि गाडीत ती हिंदकळली की काळा थर वाटेतच तपकिरी होतो. म्हणून नळी त्याच जागच्या पाण्याने काठोकाठ भरायची, उभीच न्यायची, बर्फात. तेल मोजायचा चिखल प्लास्टिकमध्ये ठेवायचा नाही, प्लास्टिक स्वतः हायड्रोकार्बन सोडतं आणि शोषतंही. काचेची बरणी, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पत्री. काप अर्ध्या-एक सेंटिमीटरचे घ्यायचे. दहा सेंटिमीटर चिखल एकत्र कालवला तर वरचे मोकळे श्वास घेणारे आणि खालचे सल्फेटवाले एकाच भांड्यात येतात आणि निकाल कुणाचाच नसतो. डीएनएवरून कोण आहे ते कळतं, जिवंत आहे की नाही ते कळत नाही. मेलेल्या पेशींचा डीएनए बिनहवेच्या चिखलात बराच काळ टिकतो. आणि यादीत येतात ते टक्के. आल्कानिव्होरॅक्स दोनवरून वीस टक्क्यांवर गेला म्हणजे तो दहापट झाला असं नव्हे, बाकीचे मेले असंही असू शकतं. एकूण पेशींची वेगळी मोजणी जोडल्याशिवाय तो टक्का वाचूच नये.

मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट फाल्मथजवळ सप्टेंबर १९६९ मध्ये फ्लोरिडा नावाचा एक बार्ज खडकावर चढला आणि सुमारे सात लाख लिटर डिझेलच्या जातीचं तेल सुटलं. गळती मोठ्या गळत्यांच्या मानाने किरकोळच. पण शास्त्रज्ञांचं गाव शेजारीच असल्यामुळे वाइल्ड हार्बरच्या खाजणात लोक पुनःपुन्हा नळ्या घालत राहिले. तीस वर्षांनी घातलेल्या नळीत वर गवत हिरवंगार, आणि आठ ते वीस सेंटिमीटर खोलीवर तेल. सरळ साखळ्या संपलेल्या होत्या, म्हणजे जिवाणूंनी आपलं काम जमेल तिथवर केलं होतं. बाकीचं तिथेच.

तिथले फिडलर खेकडे एरवी सरळ खाली बीळ खणतात. भरतीबरोबर त्या बिळातून पाणी आणि हवा खाली जाते, भिंती गंजतात, आणि काळ्या मुलखात ऑक्सिजनवाल्यांना एक गल्ली मिळते. चाळीस वर्षं होत आली असताना संशोधकांनी त्या बिळांत पातळ प्लॅस्टर ओतून साचे काढले. स्वच्छ खाजणातले साचे लांब आणि सरळ आले. तेलाच्या जागचे आखूड. तेलाच्या थराच्या वरच खेकडे थांबले होते, आणि तिथून कुठे आडवे वळले होते.